सर्वोच्च न्यायालयाची अधिकारिता : मराठवाड्याच्या संदर्भात

‘अधिकार’ आणि ‘अधिकारिता’ हे शब्द व्यवहारात पुष्कळदा एकाच अर्थाने योजले जातात. शास्त्रीय विवेचनात मात्र त्यांतील भेद सांभाळणे अवश्य ठरते. न्यायालयास कोणता आदेश देता येईल, हा अधिकाराचा प्रश्न होय. कोणाचे गाऱ्हाणे, कोणत्या टप्प्यावर व कोणत्या मार्गाने ऐकता येईल, हा अधिकारितेचा. सर्वोच्च न्यायालय सर्वश्रेष्ठ असले तरी त्याची अधिकारिता अमर्याद नाही. नांदेड-लातूरच्या इतिहासावरून हे विशेष स्पष्ट होते.

1949 च्या ऑक्टोबरपर्यंत सोलापूरच्या पक्षकाराचे अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊ शकत असे. शेजारच्या नांदेड-लातूरचा मुलूख निजामी राज्यात असल्याने तेथील वादाची अखेर हैदराबादच्या न्यायसमितीपाशी होई. 26 जानेवारी 1950 रोजी संविधानाच्या अनुच्छेद 374 अन्वये त्या समितीची अधिकारिता संपली व तिच्यापुढील प्रलंबित अपिले सर्वोच्च न्यायालयाकडे आली. परंतु जी प्रकरणे त्या दिवसापूर्वीच निकालात निघाली होती, त्यांचे काय?

हा प्रश्न तेलंगणातील शेतकरी लढ्यातील फाशीच्या शिक्षांतून उभा राहिला. हैदराबाद उच्च न्यायालयाने त्या शिक्षा डिसेंबर 1949 मध्ये कायम केल्या होत्या. आरोपींनी अनुच्छेद 136 अन्वये अपिलाची विशेष अनुमती मागितली. हा अनुच्छेद ‘भारताच्या राज्यक्षेत्रातील’ न्यायालयांच्या निर्णयांना लागू आहे. निकालाच्या दिवशी हैदराबादचे न्यायालय त्या राज्यक्षेत्रात नव्हते, या कारणाने अनुमती नाकारण्यात आली. पुढे अनुच्छेद 32 अन्वये केलेले अर्जही 1951 मध्ये फेटाळले गेले. सक्षम न्यायालयाने दिलेल्या शिक्षेचे गुणदोष बंदीप्रत्यक्षीकरणाच्या अर्जात तपासता येत नाहीत, असे ठरले. अपिलाचे काम प्राधिलेखाच्या अर्जाने साधत नाही, हा या निर्णयाचा इत्यर्थ होय. प्रकरण तेलंगणातील असले तरी नांदेडच्या पक्षकारासही तोच नियम बांधून होता.

अपील अधिकारितेचे दुसरे उदाहरण या प्रदेशास अधिक निकटचे आहे. 1981 मध्ये औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी बसण्याचा आदेश निघाला. मुंबई उच्च न्यायालयाने तो अवैध ठरविला. अपिलात सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये तो वैध मानला. 1984 मध्ये तेथे कायम खंडपीठ झाले आणि नांदेड-लातूरच्या पक्षकारांची मुंबईची खेप टळली.

अनुच्छेद 131 ची मूळ अधिकारिता याहून भिन्न आहे. केंद्र व राज्ये किंवा राज्या-राज्यांतील हक्कविषयक वाद तीत थेट दाखल होतात. महाराष्ट्राने 2004 मध्ये कर्नाटकाच्या सीमेविषयी केलेला दावा या प्रकारचा असून त्यात नांदेड-लातूरलगतच्या बिदर जिल्ह्यातील गावांचाही प्रश्न आहे. सीमेवरील ग्रामस्थाचे भवितव्य त्यात गुंतलेले असले, तरी या अनुच्छेदान्वये त्याला स्वतः दावा लावता येत नाही. अनुच्छेद 143 ची सल्लाविषयक अधिकारिता तर केवळ राष्ट्रपतींच्या पृच्छेनेच जागृत होते. 1958 मधील केरळ शिक्षण विधेयकावरील अभिमत हे तिचे परिचित उदाहरण.

सारांश, न्यायालय एकच, परंतु त्याची द्वारे अनेक. आणि कोणते द्वार कोणास, केव्हा उघडेल, हे अनुच्छेदातील एखाद्या शब्दाच्या अर्थावर अवलंबून राहते. फाशीची शिक्षा झालेल्या आरोपींच्या बाबतीत तो शब्द ‘राज्यक्षेत्र’ हा होता.