नव्या धंद्याचा हिशेबनीस



आपले जवाहरनगर ही आयुध निर्माणीभोवती वसलेली वसाहत आहे. येथला कामगार तीस-पस्तीस वर्षे पगार घेतो. त्या पगाराचा हिशेब दुसरा कोणी ठेवतो, आयकरही दुसराच कापून घेतो. पुढे निवृत्त झाल्यावर हाच मनुष्य महामार्गाच्या कडेला एखादे लेथ यंत्र टाकतो किंवा लोखंडी दारे-खिडक्यांचे दुकान काढतो, आणि मग हिशेब नावाची वस्तू प्रथमच त्याच्या अंगावर येते. भांडवल म्हणून घातलेले असतात ते निवृत्तीचे पैसे, म्हणून चुकायला जागा थोडी.

हिशेबनीस हवा म्हणजे नेमके कोण हवे? रोजकीर्द लिहावयाची आणि खतावणी करावयाची, तर पूर्वीच्या पेढीवरील दिवाणजीसारखा व्यवस्थित मनुष्य पुरतो. त्याला सनद लागत नाही. करांची विवरणपत्रे भरण्यास कर सल्लागार चालतो. हिशेबतपासणीवर सही करावयाची असेल तर मात्र सनदी लेखापालच हवा. या व्यवसायाचा कायदा १९४९ चा आहे, आणि कोणाचे नाव सभासदांत आहे की नाही, हे त्यांच्या संस्थेकडून कोणालाही पडताळून घेता येते. लहान दुकानदाराने पहिल्याच महिन्यात मोठी फी देऊन मोठे नाव धरावे, असे मला वाटत नाही.

खरा अनर्थ होतो तो वस्तू व सेवा करात. हा कर १ जुलै २०१७ पासून सुरू झाला. समजा, आपण ६०,००० रुपयांचे लोखंड घेतले आणि १,००,००० रुपयांचे काम करून दिले. दोन्हींवर कर अठरा टक्के. गिऱ्हाइकाकडून आपल्याला १८,००० रुपये कर मिळाला. लोखंड घेताना आपण १०,८०० दिले होते. ते वजा जाता सरकारात भरावयाचे ७,२००. परंतु लोखंडवाल्याने आपले बिल सरकारी खात्यात दाखविलेच नाही, तर ती वजावट मिळत नाही आणि पूर्ण १८,००० भरावे लागतात. हीच गोष्ट उलटी करून पाहा. आपल्या हिशेबनिसाने विवरण वेळेवर भरले नाही, तर वजावट अडते ती आपल्या गिऱ्हाइकाची, आणि असे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आपल्या दारी येत नाही. उशिराने भरलेल्या करावर वर्षाला अठरा टक्के व्याज पडते ते निराळेच.

तेव्हा हिशेबनीस पारखावा कसा? मी तर त्याला एक प्रश्न विचारीन : 'नोंदणी केव्हा करावी लागेल?' 'चाळीस लाखांची उलाढाल झाल्यावर' एवढेच म्हणून तो थांबला, तर जपावे. चाळीस लाखांची मर्यादा नुसता माल विकणाऱ्यास आहे. गिऱ्हाइकाचे लोखंड घेऊन आपण ते केवळ घडवून दिले, तर ती सेवा झाली, आणि तेथे मर्यादा वीस लाखांची. शिवाय आपला माल राज्याबाहेर, समजा बालाघाटला किंवा राजनांदगावला विकला, तर सामान्यतः पहिल्याच विक्रीला नोंदणी लागते. भंडाऱ्याच्या धंदेवाल्याला या सीमा काही दूर नाहीत. जो आधी 'काय विकणार? कोणाला विकणार?' असे उलट विचारतो, तो कामाचा.

त्याची आणखी दोन गिऱ्हाइके गाठून विवरणे वेळेवर जातात का, हे विचारावे. नात्यातला आहे म्हणून फुकट करणारा बहुधा महाग पडतो. त्याला उशिराबद्दल बोलताही येत नाही!

आणि एक गोष्ट. कर खात्याचा परवलीचा शब्द, भ्रमणध्वनीवर येणारा सांकेतिक अंक आणि कोऱ्या कागदावरील सही ही त्याच्या स्वाधीन करू नयेत. विवरणपत्र त्याने तयार करावे, अंक मात्र आपण वाचून मगच सांगावा. चूक त्याची असली तरी नोटीस आपल्याच नावे येते. भरलेल्या प्रत्येक चलनाची प्रत महिन्याच्या महिन्याला मागून आपल्या घरच्या कपाटात ठेवावी. हिशेबनीस बदलण्याची वेळ आली, तर पुढच्या मनुष्याला दाखविण्यास तेवढेच आपल्या हाती उरते.