वस्तीतला दवाखाना आणि साठीपुढचा रोगी

1972 पासून जबलपुरात दोन रुपये फी घेऊन रोगी तपासणारे, आणि ती फी पुढे कित्येक वर्षांनी जेमतेम वीस रुपयांवर नेणारे डॉ. मुनीश्वरचंद डावर यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा वस्तीतल्या साध्या दवाखान्याची सरकारदरबारी, उशिरा का होईना, दखल घेतली गेली. गन कॅरेज फॅक्टरी, खमरिया अशा जुन्या कारखान्यांच्या पेन्शनदारांनी भरलेल्या या शहरात वार्धक्यातली पहिली तक्रार अशाच दवाखान्यात जाते. तिथल्या डॉक्टरांच्या सेवावृत्तीविषयी शंका नाही. शंका आहे ती त्यांना मिळालेल्या शिक्षणाविषयी.

महाविद्यालयात हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड असा एकेका इंद्रियाचा विचार शिकविला जातो. वृद्ध मात्र चारपाच विकार एकत्र घेऊन येतो, आणि लक्षणे पुस्तकाबरहुकूम असतीलच असे नाही. छातीत कळ न येता हृदयविकाराचा झटका येतो, ताप न चढता न्युमोनिया होतो, आणि घरची माणसे ‘आजोबा कालपासून काहीबाही बरळताहेत’ एवढेच सांगतात. सर्दीवर सर्रास दिली जाणारी क्लोरफेनिरामिनची स्वस्त गोळी प्रोस्टेट वाढलेल्या वृद्धाची लघवी अडवू शकते, बुद्धीही भ्रमित करू शकते. ग्लिबेनक्लामाइडने रक्तातील साखर फार उतरून चक्कर आली, तर पुष्कळदा ती गोळी बंद होण्याऐवजी चकरेची आणखी एक वाढते.

हे टाळावयास महागडी यंत्रे लागत नाहीत. घरातल्या औषधांची पिशवी टेबलावर ओतावयास सांगावी, मग कोणी काय कधी लिहून दिले याचा उलगडा होतो. रोग्याला निजवून, नंतर उभे करून तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजावा. वरचा आकडा वीसने उतरला, तर वारंवार पडण्याचे एक कारण हाती लागते. मात्र बाहेर रांग खोळंबली असताना हा अवकाश कोठून काढावा?

मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात वृद्धरुग्णांचा स्वतंत्र विभाग 1978 सालीच निघाला. वृद्धांच्या आरोग्यासाठी सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम मात्र 2010-11 साली आला. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस वृद्धांसाठी राखण्याची त्यात तजवीज आहे. तजवीज चांगलीच, परंतु म्हातारा न्हाणीघरात घसरतो तो वार पाहून नव्हे. 2024 पासून सत्तरीपुढच्यांना आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले. तेही मुख्यतः इस्पितळात भरती झाल्यावर. दवाखान्यात अर्धा तास बसून दोन गोळ्या कमी करणाऱ्या डॉक्टराच्या फीला त्या हिशेबात जागा नाही.