बंदराची बरकत मोजावी कशी?

वसईजवळचें नालासोपारा म्हणजेच प्राचीन शूर्पारक. पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक ग्रंथांत ‘सुप्पारा’ ह्या नांवानें त्याचा उल्लेख आहे. खाडी गाळानें भरली आणि परदेशी गलबतांचें येणें थांबलें. बंदरें चढतात तशीं ओसरतातहि. परंतु हा चढउतार मोजणें दिसतें तितकें सोपें नाहीं.

सामान्यतः माल किती टन वाढला हें पाहून बंदराची वाखाणणी होते. पण धक्के, यंत्रें व माणसें दुप्पट करून मालहि दुप्पटच झाला, तर त्यांत कर्तबगारी ती कोणती? मालाचें साधनांशीं असलेलें प्रमाण पाहिलें पाहिजे. ह्या प्रमाणासच उत्पादकता म्हणतात.

त्यांतहि एक मेख आहे. श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी कीं, एका बंदरांत शंभर मजूर दिवसाला १,००० पोतीं उतरवीत. दहा वर्षांनीं तितकेच मजूर १,५०० उतरवूं लागले. वाढ दीडपट झाली. परंतु त्याच काळांत सर्वोत्तम बंदरांतील शंभर मजुरांचें काम २,००० पोत्यांवरून ४,००० वर गेलें. म्हणजे पहिलें बंदर पूर्वीं सर्वोत्तमाच्या निम्म्यावर होतें, तें आतां तीन-अष्टमांशावर आलें. साधनविद्या दुप्पट झाली, बंदराची कार्यक्षमता मात्र पाऊणपट. आणि दोनाची पाऊणपट म्हणजे दीड! वाढ झाली ती काळाच्या पुण्याईनें. बंदर स्वतः मागेंच पडलें. ही फोड करणाऱ्या निर्देशांकास स्वीडिश शास्त्रज्ञ माल्मक्विस्ट यांचें नांव आहे. मूळ कल्पना त्यांनीं १९५३ सालीं मांडली.

मुंबईचें उदाहरण ह्याच दृष्टीनें पाहावें. १८८० सालीं तेथें प्रिन्सेस डॉक उघडला. पुढें १९५६ सालीं अमेरिकेंत मालाच्या मोठ्या पेट्या, म्हणजे कंटेनर, जहाजानें नेण्याची रीत सुरू झाली. १९८९ सालीं न्हावाशेवा बंदर सुरू झाल्यावर हा व्यापार हळूहळू तिकडे वळला. मुंबईच्या गोदींत पेट्या घटल्या, एवढ्यावरून तेथील कामगार आळशी ठरत नाहींत. साधनांची मर्यादाच पुढें सरकली होती.

आतां पालघर जिल्ह्यांत वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजीं झाली आहे. किनाऱ्यावरील मच्छीमारांनीं त्यास विरोध केला आहे. टनांच्या व पेट्यांच्या गणितांत कोळ्यांची मासळी आपोआप येत नाहीं. ती गेली, तर खर्चाच्या रकान्यांत मांडावी लागेल. त्यावांचून ह्या बंदराच्या बरकतीचा हिशेब पुरा म्हणतां येणार नाहीं.