घुशींचा निवासी उपद्रव व नियंत्रण

घूस हा कृंतक (कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या) गणातील, जमिनीत बिळे करून राहणारा प्राणी आहे. भारतीय उपखंडातील शेते, गोदामे, गटारे आणि मानवी वस्त्या हे तिचे मुख्य अधिवास आहेत. महाराष्ट्रातील शहरांत जुन्या चाळी, गृहनिर्माण संस्थांची आवारे, बाजारपेठा आणि उघडी गटारे यांच्या परिसरात घुशींचा उपद्रव विशेष आढळतो. इमारतीचे जोते व फरसबंदी पोखरणे, अन्नधान्याची नासाडी आणि रोगप्रसार हे या उपद्रवाचे प्रमुख प्रकार होत. घुशी मारणे हा नियंत्रणाचा एक भाग आहे. अन्न आणि आसरा तोडल्याशिवाय त्याचा परिणाम टिकत नाही.

नाव व जाती

घुशींचा समावेश बँडिकोटा या प्रजातीत होतो. भारतात तिच्या दोन जाती सर्वपरिचित आहेत: मोठी घूस (बँडिकोटा इंडिका) आणि लहान घूस (बँडिकोटा बेंगालेन्सिस). बँडिकूट हा इंग्रजी शब्द तेलुगू भाषेतील ‘पंदिकोक्कु’ (डुक्कर-उंदीर) या शब्दावरून आला आहे. पुढे हेच नाव ऑस्ट्रेलियातील काही शिशुधान प्राण्यांना देण्यात आले. मात्र त्यांचा घुशींशी जवळचा संबंध नाही.

मोठी घूस वजनाने सुमारे एक किलोग्रॅमपर्यंत वाढू शकते. लहान घूस तिच्या मानाने बरीच हलकी असते. दोन्ही जातींची अंगलट जाडजूड, केस राठ व गडद तपकिरी आणि मुस्कट रुंद असते. चवताळलेली घूस पाठीवरचे लांब केस उभारते व डुकरासारखा घुरघुराट करते. घरात आढळणारा काळा उंदीर (रॅटस रॅटस) सडपातळ, लांब शेपटीचा आणि चढण्यात पटाईत असतो. तो छतात व माळ्यावर राहतो. घूस मुख्यतः जमिनीखाली राहते. बोलीभाषेत मात्र कोणत्याही मोठ्या उंदराला घूस म्हटले जाते.

बिळांची रचना

घुशीचे बीळ म्हणजे अनेक तोंडे असलेली बोगद्यांची जोडणी असते. त्यात घरट्याची पोकळी, अन्नसाठ्याच्या कोठ्या आणि सुटकेची वाट असे भाग आढळतात. घरट्यात गवत, कागद व चिंध्या पसरलेल्या असतात. सुटकेच्या वाटेचे तोंड पुष्कळदा सैल मातीने बुजवलेले असते. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग दिसणे ही घुशीची ठळक खूण होय. लहान घूस बिळात धान्याचा मोठा साठा करते. त्यामुळे भात व गव्हाच्या शेतीत ती विशेष हानिकारक ठरते.

घूस निशाचर आहे. प्रौढ घुशी सहसा एकेकट्या राहतात. मादीबरोबर पिले असतात. गर्भावधी सुमारे तीन आठवड्यांचा असून एका वेळी अनेक पिले होतात आणि ती काही महिन्यांतच प्रजननक्षम होतात. त्यामुळे मोहिमेनंतर उरलेल्या थोड्या घुशींपासूनही, अन्न मुबलक असल्यास, संख्या लवकर पूर्ववत होते. रिकाम्या झालेल्या बिळांत शेजारच्या आवारातील घुशीही येऊन राहतात.

मालमत्तेची हानी

बिळांमुळे पेव्हर ब्लॉक, पायऱ्या आणि जोत्याखालील भराव पोकळ होतो. पावसाळ्यात या पोकळ्यांत पाणी शिरून माती वाहून जाते आणि जमीन खचते. आवाराच्या भिंती व लहान बांधकामे यांना त्यामुळे तडे जाऊ शकतात. कृंतकांचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढत असल्याने हे प्राणी सतत कुरतडतात. विजेच्या तारांचे आवरण कुरतडले गेल्यास लघुपरिपथ होऊन आग लागण्याचा धोका असतो.

आरोग्यावरील परिणाम

लेप्टोस्पायरोसिस हा घुशी व उंदरांशी निगडित असलेला महत्त्वाचा आजार आहे. बाधित प्राण्याच्या मूत्रातून त्याचे जिवाणू पाण्यात व चिखलात मिसळतात आणि त्वचेवरील जखमांतून किंवा श्लेष्मल पटलातून माणसाच्या शरीरात शिरतात. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतरच्या पुरामागोमाग शहरात या आजाराची मोठी साथ आली. साचलेल्या पाण्यातून चालावे लागलेल्या व्यक्तींना वैद्यकीय सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन हे प्रतिबंधक औषध दिले जाते.

प्लेग हा मुख्यतः उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो. मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ सुरू झाली. पिसवांची भूमिका फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमोंद यांनी १८९८ मध्ये कराची येथे केलेल्या प्रयोगांतून पुढे आणली. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी ग्रंथिक प्लेगचे रुग्ण आढळले. प्लेगची शक्यता असलेल्या ठिकाणी आधी पिसवा मारणारे कीटकनाशक बिळांत फवारणे वा धुरळणे आवश्यक असते. यजमान प्राणी आधी मेल्यास पिसवा माणसांकडे वळतात.

पाहणी

नियंत्रणापूर्वी बिळांची पाहणी केली जाते. संध्याकाळी आवारातील सर्व बिळांची तोंडे मातीने बुजवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उकरलेली तोंडे मोजतात. त्यांना ‘जिवंत बिळे’ म्हणतात. उपायांनंतर हीच मोजणी पुन्हा केल्यास परिणाम कळतो. बीळ कोणत्या प्राण्याचे आहे याची खात्री करणेही आवश्यक असते, कारण घुशींच्या बिळांत साप आश्रय घेतात आणि शहराच्या कडेला मुंगूस, घोरपड व साळिंदर यांचीही बिळे असतात. बिळात हात घालणे धोक्याचे असते.

नियंत्रणाचे उपाय

परिसर व्यवस्थापन: ओला कचरा झाकणाच्या पिंपात ठेवणे, रात्री उघडे अन्न न ठेवणे, भंगार व राडारोड्याचे ढीग हटवणे आणि पक्षी वा भटक्या प्राण्यांसाठी टाकलेले उरलेले खाद्य उचलणे यांमुळे अन्न व आसरा तुटतो. हे उपाय एका घराने करून भागत नाहीत. संपूर्ण आवाराने ते एकाच वेळी करावे लागतात.

प्रवेशरोध: गटारांवर लोखंडी जाळ्या बसवणे, फुटलेले चेंबर व वाहिन्या दुरुस्त करणे, दाराच्या तळाशी पत्रा ठोकणे आणि जोत्यालगत काँक्रीटचा पट्टा घालणे हे प्रचलित उपाय आहेत. मातीच्या जागेत भिंतीलगत मजबूत तारेची जाळी उभी पुरून तिचे खालचे टोक बाहेरच्या बाजूस वळवतात. रहिवासी बिळे केवळ बुजवल्यास ती पुन्हा उकरली जातात. म्हणून ती निर्जीव झाल्याची खात्री झाल्यावरच खडी व सिमेंटने पक्की भरतात.

सापळे: पिंजरा व चाप हे विषाविना वापरता येणारे उपाय आहेत. घुशी नव्या वस्तूविषयी सावध असल्यामुळे सुरुवातीचे काही दिवस पिंजरा आमिषासह उघडाच ठेवतात. पकडलेली घूस दुसऱ्या वस्तीत सोडल्याने केवळ उपद्रवाची जागा बदलते.

विषारी आमिषे: झिंक फॉस्फाइड पोटातील आम्लाशी संयोग पावून फॉस्फिन हा विषारी वायू निर्माण करते. ते देण्यापूर्वी काही दिवस साधे, निर्विष आमिष खाऊ घालतात. अन्यथा थोडे खाऊन आजारी पडलेल्या घुशी पुढे आमिष टाळतात. ब्रोमॅडिओलोन हे रक्त गोठू न देणारे विष असून त्याचा परिणाम काही दिवसांनी होतो. त्यामुळे आमिषाविषयी संशय निर्माण होत नाही. अॅल्युमिनियम फॉस्फाइडची धुरी अत्यंत घातक असते. बिळातील वायू भिंतींच्या फटींतून घरात शिरून माणसे दगावू शकतात. म्हणून राहत्या इमारतीलगत तिचा वापर टाळावा लागतो.

विषांचे धोके

झिंक फॉस्फाइडवर विशिष्ट उतारा उपलब्ध नाही. ब्रोमॅडिओलोनच्या विषबाधेवर जीवनसत्त्व के-१ उपयोगी पडते. दोन्ही प्रसंगी विषाचे वेष्टन सोबत घेऊन रुग्णास त्वरित रुग्णालयात नेणे महत्त्वाचे असते. आमिष कुलूपबंद पेटीत ठेवल्याने मुले व पाळीव प्राणी सुरक्षित राहतात. विष खाल्लेल्या घुशी खाऊन गव्हाणी घुबडासारखे शिकारी पक्षी व मांजरे यांनाही विषबाधा होऊ शकते. मेलेल्या घुशी हातमोजे घालून उचलून खोल पुरतात. लेंड्या कोरड्या न झाडता जंतुनाशकाने भिजवून पुसतात.

प्रशासन व कायदा

मुंबई महानगरपालिकेच्या कीटकनाशक विभागात रात्री काठी व विजेरी घेऊन फिरणारे मूषक संहारक नेमलेले असतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पाचव्या अनुसूचीत उंदरांचा समावेश उपद्रवी प्राण्यांत होता. २०२२ च्या दुरुस्तीने ही अनुसूची वगळण्यात आली. घोरपड व खवल्या मांजर हे बिळांत राहणारे प्राणी मात्र याच कायद्याने संरक्षित असून त्यांना पकडणे वा मारणे हा गुन्हा आहे. असा प्राणी आढळल्यास वनविभागास कळवावे लागते.