गळालेली पॅकेटं मोजताना

द्राक्षबागेत पानांचा ओलावा मोजणारा सेन्सर बसवला की बागाईतदार विचारतात, "साहेब, डाटा दरवेळी येणार ना?" नुसतं "रेंज आहे" म्हणून भागत नाही. किती पॅकेटं गळतात, ते मोजावं लागतं.

हे सेन्सर लोरा पद्धतीने बोलतात. ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास, बहुधा १२५ किलोहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात संदेश पसरून जातो. त्यामुळे तो गोंगाटात बुडाला तरी उलगडतो. स्प्रेडिंग फॅक्टर, म्हणजे पसरण्याचं प्रमाण, ७ असेल तर साडेसात डेसिबल खालून, १२ असेल तर २० डेसिबल खालून.

सेन्सरचे संदेश पकडणाऱ्या गेटवेला जोडलेल्या लॅपटॉपवर पॅकेटचा अनुक्रमांक, सिग्नलची ताकद आणि गोंगाटाशी प्रमाण दिसतं. नवखा माणूस ताकदीची सरासरी पाहून खूश होतो. पण ती फक्त पोचलेल्या पॅकेटांची असते. लिंक कितीही ढासळली तरी सरासरी पकडता येण्याच्या उंबरठ्याखाली जात नाही, कारण त्याखालची पॅकेटं नोंदली जातच नाहीत. म्हणून मी आधी अनुक्रमांक पाहतो. ४१, ४२, ४५. मधली दोन गेली. सिग्नल चांगला असूनही सीआरसी, म्हणजे पॅकेटमधली चूक पकडणारी तपासणी, चुकत असेल, तर टक्कर किंवा दुसऱ्या उपकरणाचा अडथळा शोधायचा. तिथे स्प्रेडिंग फॅक्टर वाढवला तर दुखणं वाढूही शकतं. कारण पॅकेट जितका वेळ हवेत, तितकी टक्कर जास्त: २० बाइटांचं पॅकेट ७ वर सुमारे ५७ मिलिसेकंद हवेत असतं, १२ वर सव्वा सेकंदाहून जास्त.

आकड्यावरही लगेच विसंबू नये. शंभरातली दहा गळाली, तर खरी गळती साडेपाच ते साडेसतरा टक्क्यांत कुठेही असू शकते. एकही गळालं नाही, तरी तीन टक्क्यांपर्यंतची शक्यता उरते. त्यातही गळती घोळक्याने येते, म्हणून खरी अनिश्चितता याहून मोठी.

सगळ्यात फसवं असतं ते छाटणीनंतर उघड्या बागेत घेतलेलं माप. पाला भरला, पावसाने भिजला की तो सिग्नल शोषतो. डाऊनी (केवडा) रोगाचा धोका नेमका तेव्हाच असतो, आणि प्रत्येक नोंद तेव्हाच लागते. उघड्या बागेतल्या चाचणीवर सेन्सरची जागा ठरवणं मला मान्य नाही.

सेन्सर घेताना विक्रेत्याला किलोमीटर विचारू नका. भरल्या, ओल्या बागेत किती पॅकेटं पाठवली आणि किती पोचली, ते विचारा.