आधी फायली, मग लिंका

शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी बर्कलीहून आलेल्या ४.२ बीएसडी युनिक्समध्ये सिम्बॉलिक लिंक अवतरली. लिंक म्हणजे मंदिराकडे बोट दाखवणारी पाटी. तिच्यात मजकूर नसतो, फक्त दुसरीकडचा पत्ता असतो. अनेक फायली एका अर्काइव्हात बांधणारे टार हे साधन तिच्याहून जुने, १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतले. त्याच्या ५१२ बाइटांच्या हेडरमध्ये लिंकच्या पत्त्यासाठी १०० बाइट असतात. झिप तोच पत्ता फायलीचा मजकूर म्हणून साठवते. साठवणे सोपे आहे. खरी परीक्षा अर्काइव्ह उघडताना होते.

समजा, अर्काइव्हातली पहिली नोंद 'क' नावाची लिंक आहे आणि तिचा रोख सिस्टीमच्या सेटिंग्जच्या फोल्डरकडे आहे. दुसरी नोंद 'क' च्या आतली एक फाइल. दुसऱ्या नोंदीचे नाव कितीही तपासा, त्यात वावगे काही सापडणार नाही. पण साधनाने लिंक आधी तयार केली, तर ती फाइल लिंकेवरून थेट सिस्टीमच्या फोल्डरात जाऊन पडते. म्हणून सुरक्षितता नावांच्या तपासणीपेक्षा कामाच्या क्रमावर अधिक अवलंबून आहे. जीएनयू टार हे नेमके ओळखतो. रूटपासूनचा किंवा वरच्या फोल्डरात चढणारा पत्ता दिसला की तो लिंकेच्या जागी रिकामी फाइल ठेवतो आणि बाकी सारे लिहून झाल्यावरच खरी लिंक बसवतो. इन्फो-झिपचे अनझिपही लिंका शेवटी तयार करते. नुसत्या तपासणीवर विसंबल्याचे फळ २०२२ मध्ये युनिक्सवरच्या अनरार या अर्काइव्ह उघडणाऱ्या साधनात दिसले: पत्ता तपासून झाल्यावर त्यातल्या उलट्या तिरक्या रेघा सुलट्या केल्या जात, आणि तेवढ्या फटीतून लिंक बाहेर निसटे.

मग लिंका टाकूनच का देऊ नयेत? कारण लिनक्सवरच्या सामायिक लायब्रऱ्यांची नावे लिंकांनीच जोडलेली असतात. त्या गळाल्या तर बॅकअप परत आणूनही प्रोग्रॅम चालणार नाहीत. अनोळखी अर्काइव्ह उघडूच नये, हा सल्लाही अपुरा आहे. अनरारच्या त्याच दोषामुळे झिंब्राचा मेल सर्व्हर धोक्यात आला, कारण आलेली जोडफाइल व्हायरस तपासण्यासाठी सर्व्हर स्वतःच उघडत होता. तिथे सावध राहणारा माणूसच नव्हता. लिंक मागे ठेवल्याने तिच्यावरून जाणारी एखादी प्रामाणिक नोंद अडेल, हा आक्षेप मात्र रास्त आहे. तशी गरज असलेल्याने टारला ही खबरदारी बंद करणारा मोठा 'पी' हा पर्याय जाणूनबुजून द्यावा. सवलत मागून मिळावी, संरक्षण न मागता. याउलट, पायथॉनच्या टारफाइल मॉड्यूलमधला असाच धोका २००७ मध्येच नोंदला गेला होता, पण धोकादायक नोंदी अडवणारी गाळणी ३.१२ आवृत्तीमध्ये आली आणि ती आपोआप लागू झाली ३.१४ मध्ये, २०२५ साली. विद्यार्थ्यांच्या फायली स्वीकारून आपोआप उघडणारा प्रोग्रॅम शेगावात लिहिला जावो की पुण्यात, त्याच्या कर्त्याने आधी फायली, मग लिंका हा क्रम पहिल्या दिवसापासून पाळायला हवा.