ट्रकमधला इन्व्हर्टर का बंद पडतो?

शिबिराच्या ट्रकमधला इन्व्हर्टर शिट्टी देऊन बंद पडला, की ‘इन्व्हर्टर जळाला’ असे सगळे म्हणू लागतात. वाहन विभागात शिकवताना मी कॅडेटना आधी एवढेच सांगतो: पेटी उघडू नका, तार तपासा.

ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट मिळवलेले असतात. इन्व्हर्टर तेथून डीसी घेतो आणि २३० व्होल्टचा एसी देतो. प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि वायरलेस संचांचे चार्जर मिळून ४५० वॅटचा भार धरा. २३० व्होल्टच्या बाजूला त्याला जेमतेम २ अँपिअर लागतात. बॅटरीच्या बाजूला मात्र २० ते २५. एवढ्या प्रवाहाला एखादा सैल नटही भोवतो.

तपासणी भार चालू ठेवूनच करावी, कारण भार नसताना सगळे ठीक दिसते. मल्टिमीटरने आधी बॅटरीच्या टोकांवर मोजा, मग इन्व्हर्टरच्या डीसी टोकांवर. दोन्हीकडे व्होल्टेज कमी असेल तर बॅटरी उतरली आहे. दोन्हीकडे योग्य असेल तर एकेक उपकरण काढून पाहा. तरीही चालला नाही, तरच इन्व्हर्टर कार्यशाळेत पाठवा.

एका ट्रकवर मला बॅटरीपाशी २५ आणि इन्व्हर्टरपाशी २१ व्होल्ट मिळाले. या प्रकारचे इन्व्हर्टर साधारण २१ व्होल्टला इशारा देतात आणि त्याखाली बंद होतात. म्हणजे यंत्र चोख होते, ४ व्होल्ट वाटेत हरवत होते. फ्यूज, तारेची टोके आणि चॅसीचा सांधा यांवर एकेक करून मीटर लावला. चॅसीच्या नटाखाली रंग आणि गंज सापडला. घासून, आवळून घेतल्यावर इन्व्हर्टर सुरळीत चालला.

हा दोष लपतो कसा, तेही पाहा. इंजिन चालू असताना अल्टरनेटर सुमारे २८ व्होल्ट देतो. त्यातले ४ गेले तरी २४ उरतात आणि इन्व्हर्टर गुमान चालतो. ‘इंजिन चालू ठेवा, काम होते’ असे म्हणून लोक सोडून देतात. पण ४ व्होल्ट गुणिले २५ अँपिअर म्हणजे १०० वॅट उष्णता त्या एका सांध्यावर निर्माण होत असते. २५ वॅटचे चार सोल्डरिंग आयर्न एकाच जागी टेकवल्यासारखी. शेजारी ताडपत्री आणि डिझेल असते, हे विसरू नका.

म्हणून काही नियम पाळा. फ्यूज उडाला तर त्याच अँपिअरचा लावा, मोठा कधीच नको. १२ व्होल्टचे उपकरण चालवायला दोनपैकी एकाच बॅटरीतून तार काढू नका. ती बॅटरी लवकर खराब होते. सांधा खोलण्याआधी इन्व्हर्टर आणि इंजिन बंद करा, हातातली अंगठी व कडे उतरवा, बॅटरीची ऋण तार प्रथम सोडा. ट्रकमधले २३० व्होल्टही घरातल्याइतकेच जीवघेणे असतात.

शिबिराला निघण्याच्या आदल्या दिवशी, इंजिन बंद ठेवून, पूर्ण भारावर ही दोन मोजमापे घ्या आणि वाहनाच्या नोंदवहीत लिहा. पुढच्या वेळी फरक वाढलेला दिसला, तर सांधा तापण्याआधीच सापडेल.